नव्वद दिवस कुणाच्या घरचे?

ऑक्टोबरच्या मध्यावर इथे न्यू जर्सीत पहिली खरी थंडी पडते आणि त्या रात्री आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘‘हीट लावली तर जळका वास येतोय. गॅस लीक तर नसेल?’’ मेसेज टाकणारं कुटुंब दर वर्षी वेगळं, बहुतेक नुकतंच घर घेतलेलं. मग जुनी खोडं सरसावतात. कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर आधी सगळे घराबाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करा. करपल्यासारखा असेल तर उन्हाळाभर फर्नेसच्या आत बसलेली धूळ जळतेय, थोड्या वेळात जाईल. एवढं झालं की कुणीतरी विचारतंच, ‘‘पण फिल्टर कधी बदललास?’’ यावर जे उत्तर येतं ते मला पाठ आहे: ‘‘खोक्यावर नव्वद दिवस लिहिलंय. व्हायचेत अजून.’’

हे नव्वद दिवस मला फार दिवस खुपतायत. कुणाच्या घरचे नव्वद दिवस?

ज्यांनी इथली घरं आतून पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे एसी भिंतीवर असतो, खोलीपुरता. इथे बेसमेंटमध्ये माणसाच्या उंचीचं पत्र्याचं कपाट असतं, ती फर्नेस. तिच्यातून निघालेले पत्र्याचे डक्ट भिंतींच्या आतून सगळ्या खोल्यांत जातात. हिवाळ्यात गॅसवर तापलेली हवा आणि उन्हाळ्यात गार केलेली हवा त्याच डक्टमधून, त्याच एका पंख्याने ढकलली जाते. आणि ती येते कुठून, तर घरातूनच. हॉलच्या आणि जिन्याच्या भिंतींत मोठ्या जाळ्या असतात, त्यांना ‘रिटर्न’ म्हणतात. तिथून घरची हवा खाली ओढली जाते, फिल्टरमधून जाते, तापते किंवा गार होते आणि परत वर येते. बऱ्याच घरांत या सगळ्या प्रवासात बाहेरची ताजी हवा मुद्दाम घेतलीच जात नाही. फटींतून, दारांतून येईल तेवढीच. म्हणजे फिल्टरवर जे साचतं ते मुख्यतः घरात राहणाऱ्यांचं असतं. केस, कपड्यांचे धागे, कातडीचा भुगा, गालिच्याची लव, फोडणीचा धूर.

आणि हा फिल्टर आपल्यासाठी म्हणून बसवलेला नव्हताच, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनमध्ये आधुनिक एसीची पहिली योजना आखली तीही माणसांच्या सुखासाठी नव्हे. एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. सुख कागदाचं बघायचं होतं. फर्नेसचंही तसंच. जुन्या घरांतल्या फर्नेसला पंखाच नसायचा. गरम हवा आपसूक वर चढे, गार खाली येई, आणि मध्ये कापडाचा तुकडा जरी धरला तरी तो कारभार थांबला असता. पंखा आला तेव्हा फिल्टर आला, कारण पंख्याच्या पात्यांवर आणि आतल्या तापणाऱ्या भागांवर धुळीची लोकर चढू लागली. यंत्राला जपायचं, एवढाच त्याचा मूळ उद्देश. आमच्याकडचे टेक्निशियन अजून तसंच बोलतात: ‘‘फिल्टर तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.’’ आणि फर्नेसवर थाप मारतात.

जाता जाता, याच न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंना २३ डिसेंबर १९१९ रोजी गॅसवर चालणाऱ्या घर-तापवणीचं पेटंट मिळालं. एका जागी हवा तापवायची आणि वेगवेगळ्या नळ्यांनी खोल्याखोल्यांत न्यायची, ही त्यांची कल्पना. तो आराखडा जसाच्या तसा बाजारात आला नाही, पण १९१९ साली, बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायच्याही आधी, एका बाईने हे कागदावर मांडलं होतं. आमच्या भागात जो तो एडिसनचं कौतुक करतो. गावालाच त्याचं नाव आहे. पार्करबाईंचं नाव मी तरी देशी दुकानांच्या आमच्या ओक ट्री रोडवर कधी ऐकलेलं नाही.

असो. यंत्रासाठी आलेल्या फिल्टरला माणसांच्या फुप्फुसांची नोकरी आपण नंतर दिली आणि तिथून सगळा गोंधळ सुरू झाला. दुकानात गेलं की एक अख्खी भिंत फिल्टरांची. सगळ्यात स्वस्त ते निळसर काचतंतूंचे, ज्यांच्यातून पलीकडचा माणूस दिसतो. ते खडा-कचरा अडवतात, बाकी सगळ्याला जा म्हणतात. मग घड्या घातलेले, पांढरे. त्यांच्यावर आकडे. अमेरिकेतल्या तापन-शीतन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेचं, फिल्टर किती कण अडवतो हे सांगणारं ‘मर्व्ह’ हे माप आहे, घरगुती फिल्टरांत ते साधारण १ ते १३ पर्यंत भेटतं. त्याशिवाय एका मोठ्या दुकानाचं स्वतःचं एफपीआर, एका मोठ्या कंपनीचं एमपीआर. त्यामुळे एकाच ताकदीचा फिल्टर एका खोक्यावर १३, दुसऱ्यावर १० आणि तिसऱ्यावर १९०० असा नटून बसतो. माणूस साहजिकच १९०० वाला उचलतो.

मर्व्ह ८ चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनचे कण, म्हणजे बुरशीचे बीजाणू, जाडसर धूळ, किमान ७० टक्के अडवतो. केसाची जाडी ७०-८० मायक्रॉन धरली तर हे कण डोळ्यांना दिसण्यातले नाहीत, पण नाकाला कळतात. त्याहून बारीक, धुरातल्यासारखे, १ मायक्रॉनच्या आतले कण धरायचे तर मर्व्ह १३ लागतो, आणि तोही ०.३ ते १ मायक्रॉनच्या गटातले निम्मे धरले तरी पास होतो. निम्मे एका खेपेला, हे लक्षात ठेवायचं. हवा पुन्हा पुन्हा तिथूनच जाते, तेव्हा हळूहळू उरलेलेही कमी होतात. अर्थात पंखा चालू असेल तर.

इथेच नव्वद दिवसांची गोम आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारी भिंतीवरची डबी, ‘ऑटो’वर असेल तर पंखा फक्त हीट किंवा एसी चालू असतानाच फिरतो. जानेवारीत बाहेर उणे दहा असताना तो दिवसाचा किती तरी वेळ फिरत असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, खिडक्या उघड्या असतात तेव्हा, दिवसेंदिवस हलतसुद्धा नाही. दोन्ही कॅलेंडरच्या हिशेबाने दिवसच. काही थर्मोस्टॅट फिल्टर बदलायची आठवण करून देतात, पण त्यातले काही नुसते दिवस मोजतात, काही पंखा फिरल्याचे तास. आपला कोणता ते बघून घ्यावं. आणि मुख्य म्हणजे, त्या खोक्यावरचं घर कसं आहे ते आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं: नवरा-बायको दोघंच, दिवसभर बाहेर, कुत्रं नाही, गालिचा नाही, जेवायला सॅलड. त्यांचे नव्वद दिवस भरतीलही.

आमच्या घरातला महिनाभर वापरलेला फिल्टर बाहेर काढला की काय दिसतं ते सांगते. जानेवारीतला सांगते, तो सगळ्यात बोलका असतो. पुठ्ठ्याची चौकट धरून सावकाश ओढायचा, झटका दिला तर अर्धा ऐवज तिथेच सांडतो. हवा ज्या बाजूने येते त्या बाजूला घड्यांच्या कण्यांवर राखाडी लव, बोटाने उचलली तर नमद्यासारखी सलग निघते. तिच्यात लांब काळे केस माझे आणि लेकीचे, एखादा चमकीचा कण दिवाळीच्या रांगोळीतून उरलेला. घडीच्या तळाशी डोकावलं तर तिथे लव नाही, नुसता पिवळट-करडा रंग चढलेला. ती बारीक माया, धूर आणि तेल. चौकटीच्या एका कडेला काळी रेघ. तिथे फिल्टर खाचेत नीट बसलेला नसतो आणि हवा गाळणं चुकवून कडेने पळते. ती रेघ दिसली की मर्व्हचा आकडा विसरायचा. आधी ती फट बुजवायची. आणि चौकट नाकाशी नेली तर हिंग. खोटं नाही सांगत.

हिंगाचं कारण स्वयंपाकघरात आहे. इथल्या पुष्कळ घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह आणि त्याच्या पोटात पंखा असतो. तो आवाज भरपूर करतो, धूर ओढतो, एका पातळ जाळीतून काढतो आणि कपाळाच्या उंचीवरून स्वयंपाकघरातच परत सोडतो. बाहेर नेणारी नळीच नसते. घर बघायला जाताना लोक ग्रॅनाइटवर हात फिरवतात, हे कुणी बघत नाही. २०१८ च्या जूनमध्ये ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठाच्या एका चाचणी-घरात शास्त्रज्ञांनी थँक्सगिव्हिंगचा पूर्ण स्वयंपाक करून हवा मोजली, तेव्हा आतल्या बारीक कणांचं प्रमाण जगातल्या अतिप्रदूषित शहरांच्या रांगेत बसावं इतकं चढलं होतं. ते टर्की भाजत होते. संकष्टीच्या आदल्या दिवशी तळलेली साबुदाण्याची पापडी आणि दुसऱ्या दिवशीचे तळणीचे मोदक त्यांनी मोजले नाहीत, ही त्यांची नाही, आपली गैरसोय.

उन्हाळ्यात आई सांगलीहून येते, सहा महिन्यांसाठी. ती आल्यावर फिल्टर लवकर भरतो हे मी तिला कधी सांगत नाही, पण भरतो. सकाळची उदबत्ती, संध्याकाळची उदबत्ती, दुपारी भाजणी, मध्येच मिरच्यांचा खाट. शिवाय माणूस दिवसभर घरात असलं की एसीही दिवसभर. पहिल्यांदा तिने मला भरलेला फिल्टर काळ्या पिशवीत कोंबताना पाहिलं तेव्हा तिचा जीव कळवळला.

‘‘अगं, टाकतेस काय? आणलास तसा धू की नळाखाली. आपल्याकडे जाळी धुतोच ना आपण?’’

‘‘आई, ती प्लॅस्टिकची जाळी. हा धुतला तर वाया जातो.’’

‘‘मग बाहेर नेऊन झटक तरी. बांबूच्या काठीने.’’

तिचा मुद्दा बिनतोड होता. सांगलीच्या स्प्लिट एसीची जाळी पंधरवड्याला धुतली की झालं, वर्षानुवर्षं तीच. पण ती जाळी मोठी धूळच तेवढी अडवते. या घडीच्या फिल्टरचे तंतू प्लॅस्टिकचे असले तरी बहुतेकांत विजेचा स्थिर भार भरलेला असतो, आणि बारीक कण त्या भाराने ओढले जाऊन चिकटतात. म्हणून तर इतक्या विरळ थरातून हवाही जाते आणि धूरही अडतो. धुतलं तर तो भार कमी होऊ शकतो, घड्या बसतात. झटकलं तर तंतू फाटतात. व्हॅक्युमने वरची लव निघते, आत रुतलेलं निघत नाही. हे सगळं मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे धंदा आहे.’’ तेही खरंच.

भरलेला फिल्टर वाईटच, असं मात्र नाही, आणि हे ग्रुपवर कुणाला पटत नाही. चहाच्या गाळणीत चोथा साचला की चहा जास्त स्वच्छ पडतो, फक्त पडायला वेळ लागतो. फिल्टरचं तसंच: साचलेली धूळ स्वतःच गाळायला लागते. पण भाराच्या जोरावर चालणाऱ्या फिल्टरमध्ये एक उलटी गोष्टही होते. कणांनी, विशेषतः धुराच्या बारीक कणांनी, तंतू झाकले की तो भार निकामी होत जातो आणि बारीक कण सुटू लागतात, तेही फिल्टर वरून अजून बरा पांढरा दिसत असताना. म्हणून नुसता रंग बघून चालत नाही. लव दिसते, गेलेला भार दिसत नाही.

हे आम्हाला २०२३ च्या जूनने शिकवलं. क्वेबेकमधली जंगलं पेटली आणि त्यांचा धूर शेकडो मैल खाली उतरून आमच्या डोक्यावर बसला. ७ जूनला दुपारी आभाळ नारिंगी झालं, रस्त्यावरचे दिवे लागले, पलीकडे न्यूयॉर्कमध्ये एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, ४०० च्या वर गेला. दिल्लीत राहिलेल्या मैत्रिणीने ‘वेलकम’ असा एकच शब्द पाठवला. त्या दिवशी प्रथमच ग्रुपवरचे सगळे जण फिल्टरबद्दल एकदम बोलू लागले. खिडक्या बंद, थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर, म्हणजे एसी चालो न चालो, हवा फिल्टरमधून फिरत राहील. जवळच्या दुकानात मर्व्ह १३ चं फडताळ रिकामं. एका इंजिनिअर भावोजींनी गॅरेजमध्ये चौकोनी बॉक्स फॅन, चार फिल्टर आणि डक्ट टेप घेऊन खोका बांधला. कोर्सी-रोझेन्थाल बॉक्स म्हणतात त्याला. २०२०च्या साथीत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थाल या दोघांनी ही युक्ती पुढे आणली. दिसायला गणपतीच्या मखराची पहिली पायरी, पण काम चोख. धूर गेल्यावर मी आमचा फिल्टर काढला तो दिसायला विशेष मळलेला नव्हता. तरीही टाकला. जवळ घेतला तर विझवलेल्या शेकोटीचा वास येत होता.

आता, मर्व्ह १३ इतका चांगला तर सगळ्यांनी तोच कायम का लावू नये? कारण पंखा. बारीक विणीतून हवा ओढायला जोर लागतो, त्यात घाण साचली की अजून जोर. जुन्या पद्धतीची मोटर हार मानते, हवा कमी होते. नव्या मोटरी हट्टी असतात, हवा तेवढीच ठेवायला वीज जास्त ओढतात आणि ओरडतात. हवा कमी पडली की हिवाळ्यात फर्नेस आतल्या आत तापते, सुरक्षेचा स्विच गॅस तोडतो, थंड झाली की पुन्हा पेटते, पुन्हा तुटते, आणि वर खोलीत माणसं कुडकुडतात. उन्हाळ्यात उलटं. गार करणाऱ्या कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की कॉइल गोठते. भर जुलैत, बाहेर अंगाची लाही होत असताना, फर्नेसच्या डोक्यावर बर्फ. एका मित्राकडे हे झालं, टेक्निशियन आला, त्याने भरपूर पैसे घेऊन वायू भरला आणि गेला. आठवड्याने पुन्हा बर्फ. फिल्टरच्या खाचेत कुणी हात घातलाच नव्हता. आधीच्या मालकाचा फिल्टर तिथे निवांत होता. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. भरलेला फिल्टर बदलला तर एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं, पण मला विचाराल तर विजेपेक्षा हा बर्फ जास्त महाग पडतो.

तेव्हा किती दिवसांनी, याचं माझ्यापुरतं उत्तर असं: बघायचा दर महिन्याला, बदलायचा तो सांगेल तेव्हा. सरकारची एनर्जी स्टार योजनाही महिन्याला बघा आणि तीन महिन्यांच्या पुढे नेऊ नका असंच म्हणते. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत आणि आई असताना जुलै-ऑगस्टमध्ये महिना-दीड महिना, एप्रिल-मेमध्ये ओकच्या झाडांचा पिवळा पराग गाड्यांवर बसायला लागला की एकदा, आणि ऑक्टोबरात तोच फिल्टर आरामात पुढे जातो. घरात भिंत फोडून जिप्समच्या पाट्या घासायचं काम निघालं तर सगळी गणितं रद्द. ती पांढरी पूड दोन दिवसांत फिल्टर गिळते, त्या वेळी सरळ स्वस्तातले लावावेत आणि भराभर टाकावेत. बसवताना पुठ्ठ्यावर बाण असतो तो फर्नेसकडे, आणि कडेला मार्करने तारीख. मापाचं तेवढं जपा: १६×२५×१ लिहिलेला फिल्टर प्रत्यक्षात थोडा लहान असतो, म्हणून टेपने मोजून आणलेलं माप दुकानात जुळत नाही. जुन्या चौकटीवर छापलेलंच माप घेऊन जावं.

आकड्याबाबत मी मर्व्ह ८ आणि १३ च्या मध्ये हेलकावे खात होते, शेवटी एका म्हाताऱ्या टेक्निशियनने निकाल लावला. त्याने डक्टला दोन बारीक भोकं पाडली, नळ्या घातल्या, आणि पंख्याला किती दाबाशी झगडावं लागतंय ते मोजलं. आमच्या फर्नेसच्या पाटीवर कमाल ०.५ इंच लिहिलंय, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याइतका दाब. मर्व्ह १३ लावून ०.८ आले, ८ लावून ०.६. ‘‘फिल्टरचा दोष नाही,’’ तो म्हणाला, ‘‘या घराला श्वास घ्यायला जागाच कमी ठेवलीय.’’ त्याचा सल्ला असा की एक इंची खाच काढून तिथे चार इंची फिल्टरचं कपाट बसवा. त्यात घड्या खोल, गाळणारा थर कितीतरी जास्त, म्हणून मर्व्ह १३ सुद्धा पंख्याला जड जात नाही आणि सहा महिने ते वर्ष टिकतो. पण त्याआधी हॉलमधला रिटर्न मोठा करा, नाहीतर कपाटाचे पैसे फुकट.

सल्ला मला पटला आहे, पैसेही बाजूला काढले आहेत. अडचण एवढीच की हॉलमधल्या त्या जाळीला लागून, तिच्या उजव्या अंगाला, आमचं देवघर आहे. उदबत्तीचा धूर सरळ रेषेत रिटर्नमध्ये का जातो, हे कोडंही त्या निमित्ताने सुटलं. जाळी वाढवायची ती उजवीकडेच, डावीकडे भिंतीत लाकडी खांब आहे. देवघर हलवायचं तर ईशान्य सोडावी लागते. आई मे महिन्यात येतेय. तोवर मर्व्ह ८.